बैलगाडी म्हणजे आठ मोटारी नव्हेत : रस्त्याच्या आवाजाचा अंदाज बांधताना या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. शेवटच्या वर्षाची पोरं असतात, प्रोजेक्ट जमा करायला आठ दिवस उरलेले असतात आणि प्रश्न ठरलेला असतो : "सर, मॉडेलचं उत्तर आणि मीटरचं उत्तर जुळत नाहीये, काय बदलू?" (मॉडेल म्हणजे वाहनांच्या मोजणीवरून रस्त्याच्या आवाजाचा अंदाज देणारं सूत्र, मीटर म्हणजे तोच आवाज प्रत्यक्ष मोजणारं यंत्र.) काय चुकलं हे कुणी विचारत नाही. कुठला आकडा फिरवला की जुळेल, एवढंच हवं असतं.

वीसेक वर्षं मी जळगाव-धुळे पट्ट्यात साउंड मीटर आणि स्टँड घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहतोय. तेवढ्या अनुभवावर एक सांगतो. सूत्र क्वचित चुकतं. चुकतात ते त्यात घातलेले आकडे. आणि ते चुकतात, कारण घालणारा रस्त्यावर पुरेसा उभाच राहिलेला नसतो.

दिवसा मोजायचं आणि रात्र 'काढायची'

ही माझी सगळ्यात नावडती चूक. नावडती अशासाठी की ती मी स्वतः केलेली आहे.

आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागाला ६५ आणि ५५, शांतता क्षेत्राला ५० आणि ४०. एक औद्योगिक भाग सोडला (तिथे ७५ आणि ७०) तर सगळीकडे रात्रीची मर्यादा बरोबर १० ने खाली. हा तक्ता पाहून पाहून माणसाच्या डोक्यात बसतं की रात्री आवाजही १० ने उतरतो. मर्यादा उतरते, बाबांनो! रस्त्याला तो तक्ता कुणी वाचून दाखवलेला नाही.

नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एरंडोल-पारोळ्याच्या पट्ट्यात हायवेला लागून एक दवाखाना बांधायचा होता. डॉक्टरांनी मला आवाजाचा अंदाज काढायला सांगितलं. मी मे महिन्यात गेलो. सकाळी साडेदहाला मीटर लावला, दीडला उचलला, कारण ऊन असं की मीटरचं स्टँड हाताला चटके देत होतं. दिवसाचा आकडा ७२ आला. रात्रीच्या रकान्यात मी शांतपणे ६२ लिहिलं, त्यावरून काचा आणि भिंती सुचवल्या आणि बिल लावलं.

दवाखाना सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी रात्री दीडला डॉक्टरांचा फोन आला. बोलले काहीच नाहीत, फोन नुसता खिडकीबाहेर धरला. मग म्हणाले, "हे बासष्ट आहेत का?"

दुसऱ्या रात्री मी तिथे मुक्कामाला गेलो. वॉचमन म्हणून एक तात्या होते, आसपासच्याच गावचे. मी मीटर लावत होतो, ते ओट्यावर बसून चिंचोके मांडत होते. एक ट्रक गेला की एक चिंचोका. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, झोप येऊ नये म्हणून रोजच मोजतो. रोजच! मी तीन तास मोजून अहवाल दिला होता आणि या माणसाकडे पंधरा रात्रींची मोजणी तयार होती. रावेर-सावद्याकडे केळीच्या गाड्या दुपारनंतर भरतात आणि संध्याकाळनंतर वाटेला लागतात. सुरत-नागपूर माल तर या रस्त्याने रात्रभर चालतो. दवाखान्याच्या अलीकडे एक गतिरोधक होता. त्यावरून रिकामा ट्रक गेला की फाळका आणि साखळ्या अशा आपटायच्या की कॉटवरचा पेशंट उठून बसायचा. तात्या मीटरकडे बघत म्हणाले, "भाऊ, भरेल गाडी वाजत नही, रिकामी वाजस." एवढं एक वाक्य मला कुठल्या मॅन्युअलात सापडलं नव्हतं, अजूनही सापडलेलं नाही.

त्या रात्रीचा आकडा ७२ च्या आसपासच आला. दिवसाइतकाच. मी फी परत केली. डॉक्टर भले माणूस, त्यांनी मुकाट्याने वॉर्ड मागच्या बाजूला नेला आणि पुढे ओपीडी आणि मेडिकल केलं.

नंतर बसून हिशेब केला तेव्हा कळलं की सूत्र हे आधीपासूनच ओरडून सांगत होतं. ब्रिटनची १९८८ ची सीआरटीएन ही रस्त्याच्या आवाजाचा हिशेब करायची पद्धत आपल्याकडे प्रोजेक्टवाले सर्रास वापरतात. तिच्यात रस्त्याच्या कडेपासून १० मीटरवर तासाचा एल-टेन (दहा टक्के वेळ ओलांडला जाणारा आवाज) म्हणजे ४२.२ अधिक वाहनांच्या संख्येच्या लॉगची १० पट. त्यात वेगाची आणि जड वाहनांची दुरुस्ती मिळवायची. समजा दिवसा तासाला २४०० वाहनं, जड फक्त ५ टक्के, वेग ४० : उत्तर ७४.२. रात्री समजा वाहनं ४०० च, पण जड ६० टक्के आणि मोकळ्या रस्त्यावर वेग ६० : उत्तर ७४.३. वाहनं सहापट कमी आणि आवाज तितकाच! कागद-पेन्सिल घेऊन हे एकदा स्वतः करून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका.

माझी सवय : चोवीस तास मीटर लावता आला तर उत्तम. नाहीच जमलं तर रात्री दहा ते अकरा, एक ते दोन आणि पहाटे चार ते पाच, हे तीन तास स्वतः बसून, डोळ्यांनी ट्रक मोजत. सोबत थर्मास, आणि त्या भागातला एखादा वॉचमन किंवा पानटपरीवाला. महिनाही बघायचा. कापूस निघाला की जिनिंगच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. शहाद्याकडे उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या इंजिनापेक्षा त्यावरचा डेक मोठ्याने वाजतो, आणि त्याची दुरुस्ती जगातल्या कुठल्याही मॉडेलात नाही. आणि मे महिन्यातल्या दुपारचं मोजमाप वर्षभराचं म्हणून कृपा करून विकू नका. त्या वेळी आपल्याकडे कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही.

पीसीयू आवाजाच्या सूत्रात घालणे

दुसरी लाडकी चूक. ही सिव्हिलची पोरं करतात, कारण वाहतुकीच्या पेपरात त्यांना पीसीयू शिकवलेलं असतं आणि शिकवलेलं कुठेतरी वापरलंच पाहिजे असं त्यांना वाटतं.

पीसीयू म्हणजे एखादं वाहन रस्त्याची किती जागा अडवतं, याचं मोटारींतलं माप. ग्रामीण रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६४ मध्ये मोटारसायकल ०.५, मोटार १, ट्रक किंवा बस ३, ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर ४.५ आणि बैलगाडी ८. बरोबरच आहे. पारोळ्याच्या रस्त्यावर कापसाची बैलगाडी पुढे लागली की मागे आठ मोटारींचा खोळंबा होतो. पण तो खोळंब्याचा हिशेब झाला. बैलगाडीचा आवाज किती? घुंगरं, धुऱ्याची करकर आणि हाकणाऱ्याचा खोकला.

काही वर्षांपूर्वी चार पोरांचा एक गट माझ्याकडे आला. हंगामात कापसाच्या एका रस्त्यावर मोजणी केलेली, मेहनत प्रामाणिक, वहीत रेघा कशा सुबक ओढलेल्या. पण मॉडेल मीटरपेक्षा साडेतीन डेसिबल जास्त दाखवत होतं. त्यांनी शक्कल लढवली : शेवटी 'स्थानिक दुरुस्ती, वजा साडेतीन' अशी ओळ टाकून दिली. गाईडने सहीसुद्धा केली होती.

मी तक्ता उघडायला लावला. त्यांच्या मोजणीचा नमुना साधारण असा होता : तासाला १०० मोटारी, ३०० मोटारसायकली, ४० ट्रक-बस आणि ३० बैलगाड्या. इंजिन असलेली वाहनं ४४०. पीसीयू केलं की १०० अधिक १५० अधिक १२० अधिक २४०, म्हणजे ६१०. यातले २४० बैलांचे! म्हणजे त्यांच्या मॉडेलात रस्त्यावरच्या वाहतुकीत सगळ्यात मोठा वाटा ढवळ्या-पवळ्याचा. ४४० च्या जागी ६१० धरल्याने आवाज जवळजवळ दीड डेसिबल फुगतो. शिवाय ट्रक दोनदा मोजले जातात. आधी त्यांना तीनने गुणलं, मग त्याच १२० वरून जड वाहनांची टक्केवारी काढली. ती ९ ची जवळपास २० झाली. ४० च्या वेगाला यातून आणखी दोन डेसिबल. बेरीज साडेतीन. त्यांची 'स्थानिक दुरुस्ती' बरोबर याच दोन चुकांच्या बेरजेएवढी निघाली, तेव्हा त्यातली एक पोरगी हसायलाच लागली. तिला मी अजून ओळखतो. आता ती पुण्यात हेच काम करते आणि माझ्यापेक्षा चांगलं करते.

तेव्हा वाहनं मोजायची ती नगावर. दुचाकी, रिक्षा, मोटार, छोटा हत्ती आणि पिकअप, बस-ट्रक, ट्रॅक्टर, अशा वेगवेगळ्या रकान्यांत. बैलगाडीला रकाना ठेवा, पण आवाजासाठी नाही. तिच्यामुळे मागच्या गाड्यांचा वेग पडतो आणि हॉर्न वाढतात, ते कळण्यासाठी.

दुचाकीचा प्रश्न खरा आहे. सीआरटीएनला वाहनांचे दोनच प्रकार माहीत आहेत : रिकामं वजन १५२५ किलोपेक्षा जास्त ते जड, बाकी सगळं हलकं. तिच्या लेखी स्कूटी आणि सायलेन्सर फोडलेली बुलेट एकच. अमेरिकेच्या टीएनएममध्ये आणि युरोपच्या क्नॉसॉसमध्ये दुचाकीचा वर्ग वेगळा आहे. पण आपली डिझेल रिक्षा यांपैकी कुठल्याच पद्धतीत नीट बसत नाही. त्यासाठी मी पहाटे रिकाम्या रस्त्यावर साडेसात मीटर अंतरावर मीटर लावतो आणि ओळखीच्या रिक्षावाल्याला दहा चकरा मारायला लावतो. चहा आणि डिझेल माझ्याकडून. याला काही जण 'अशास्त्रीय' म्हणतात. म्हणोत.

एल-टेन आणि एलईक्यू एकच समजणे

सीआरटीएन देते एल-टेन, म्हणजे दहा टक्के वेळ ओलांडला जाणारा आवाज. आपले नियम बोलतात एलईक्यूमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या सरासरीत. मोकळ्या वाहत्या रस्त्यावर एल-टेन साधारण ३ डेसिबलने जास्त असतो. वजाबाकी न करता एल-टेन सरळ मर्यादेशी ताडून 'सर्वत्र उल्लंघन' असा मथळा देणारे अहवाल मी पाहिलेत. आणि सिग्नलच्या चौकात हा ३ चा नियमही धरू नका. तिथे गाड्या थांबतात, सुटतात, भोंगे वाजतात, फरक कसाही येतो.

हॉर्न

परदेशी मॉडेलात हॉर्न नाही, कारण तिथे तो वाजत नाही. आपल्याकडे तो वाजत नाही अशी जागा दाखवा. अजिंठा चौफुलीवर दहा मिनिटं उभे राहा, मग बोलू.

हिशेब सोपा आहे. मीटरपाशी ९० डेसिबलचा एक सेकंदाचा हॉर्न तासाच्या एलईक्यूत एकटा ५४.४ भरतो. असे शंभर झाले तर ७४.४. वर आपण चोवीसशे वाहनांचा मोजून-मापून ७४.२ एल-टेन काढला, त्यातून ३ वजा केले तर एलईक्यू साधारण ७१ : नुसत्या शंभर हॉर्नचा आकडा त्याहूनही मोठा. म्हणून मी हॉर्नसाठी वेगळा माणूस आणि वेगळा टिकटिक काउंटर ठेवतो. सेकंदा-सेकंदाच्या नोंदीतून हॉर्नचे सेकंद बाजूला काढायचे, एलईक्यू दोन्ही प्रकारे काढायचा आणि मॉडेलची तुलना हॉर्न वगळलेल्या आकड्याशी करायची. 'सगळं मिळून अधिक पाच' असली ठोक दुरुस्ती लावणाऱ्यांशी मी वाद घालायचं सोडून दिलंय.

पाटीवरचा वेग

पाटीवर ८० असतं, ट्रॅक्टरमागे रांग ३० ने चाललेली असते. रस्त्यावर पन्नास मीटरवर चुन्याच्या दोन रेघा मारा आणि स्टॉपवॉच घ्या. रडार गन असेल तर छान, पण ती दिसली की सगळे ब्रेक मारतात, पोलीस समजून.

आणखी एक. 'वेग कमी तर आवाज कमी' हे सीआरटीएनच्या सूत्रात, जड वाहनं नसतील तर, साधारण २२ किलोमीटरपर्यंतच खरं आहे, त्याखाली आकडा उलटा चढतो (जड वाहनं असतील तर त्याच्याही आधीपासून). बाजारपेठेतल्या गर्दीला १० चा वेग घालून आलेलं उत्तर मला दाखवू नका. त्या पद्धतीचं ते क्षेत्रच नाही. घाटातही सरासरी वेग घालून भागत नाही : लळिंगला चढणारी आणि उतरणारी बाजू वेगळी मोजा. दर एक टक्का चढाला ०.३ डेसिबल मिळवायचे, तेही फक्त चढणाऱ्या बाजूला.

बारीकसारीक, पण रोजची

डेसिबलची सरासरी कॅल्क्युलेटरवर बेरीज-भागाकार करून काढू नये. अर्धा तास ५० आणि अर्धा तास ७० याची सरासरी ६० नाही, ६७ येते.

भिंतीला मीटर चिकटवू नका. साडेतीन मीटर तरी दूर, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर वर. भिंतीसमोरच मोजायचं असेल तर सीआरटीएनमध्ये त्यासाठी २.५ ची दुरुस्ती आहे, ती मॉडेलमध्ये घाला आणि विसरू नका.

'मध्ये केळीची बाग आहे, आवाज अडेल.' नाही अडत. दाट झाडी म्हणून जी गणली जाते तिचेसुद्धा आयएसओ ९६१३ च्या तक्त्यात मधल्या पट्टीला मीटरमागे ०.०५ डेसिबल आहेत, म्हणजे पन्नास मीटर झाडीला अडीच. आणि केळीच्या खोडांमधून तर पलीकडचा माणूस दिसतो. बाग मनाला गार वाटते, एवढंच.

जमीन मात्र बघा. नांगरलेली काळी जमीन आवाज पिते. तीच एप्रिलात भेगाळून टणक झाली की परत फेकायला लागते. सॉफ्टवेअरमध्ये वर्षभर एकच गुणांक ठोकून देऊ नका.

क्नॉसॉस वापरत असाल तर तापमानाची दुरुस्ती बंद ठेवू नका. त्या पद्धतीचा आधार २० अंश आहे आणि हलक्या वाहनांच्या टायरचा आवाज दर अंशाला ०.०८ ने घटतो. भुसावळच्या ४५ अंशांत हा फरक २ डेसिबलचा होतो. उलट ही मे महिन्यातली घट वर्षभराला लावू नका, तिथे सरासरी तापमान घ्यायचं.

मोबाइल ॲप : नको.

उत्तर ७१.३७ असं लिहू नका. तुमच्या वेगाच्या मोजणीत पाच किलोमीटरची चूक आहे आणि दशांशाच्या पुढे दोन घरं कसली मिरवता?

आणि आर-स्क्वेअर, म्हणजे समीकरण नोंदींशी किती जुळतं त्याचं माप. ज्या तीस नोंदींवर समीकरण बसवलं, त्याच तीस नोंदींवर ते तपासून '०.९४ आला' म्हणून पेढे वाटायचे. स्वतः पेपर काढून स्वतः सोडवून पहिला नंबर. दहा नोंदी आधीच पाकिटात घालून मित्राकडे द्या, समीकरण पक्कं झाल्यावरच उघडा. एका चौकात बसवलेलं समीकरण दुसऱ्या गावच्या हायवेवर लावून बघा म्हणजे सगळी मस्ती उतरते.

तरीही जुळत नसेल तर

तीनपेक्षा जास्त डेसिबलचा फरक असेल तर मी ठरावीक क्रमाने जातो. आधी घड्याळ : मीटरची वेळ आणि मोजणीवाल्याच्या मोबाइलची वेळ जुळते का. निम्मी भांडणं इथेच मिटतात, कारण पंधरा मिनिटांचा रकाना सरकलेला असतो. मग जड वाहनांचा रकाना, मग वेग, मग अंतर (कडेपासून की मध्यरेषेपासून?). मॉडेलला हात अगदी शेवटी. पोरं नेमकी उलटी सुरुवात करतात, कारण मॉडेल एसीत बसून बदलता येतं.

आणि घड्याळाच्याही आधी मीटर. कॅलिब्रेटर (ठरावीक ९४ डेसिबलचा आवाज देणारं उपकरण) लावून मीटर ९४ दाखवतो का, हे मोजणीच्या आधी आणि नंतर बघायचं. मी बघतो, कायम बघतो, तरी एकदा धुळ्याच्या बायपासवर सहा डेसिबलचा फरक दोन दिवस शोधत होतो. मोजणी पुन्हा केली, चुन्याच्या रेघा पुन्हा मारल्या, सोबतच्या पोराला नको नको ते बोललो. कॅलिब्रेटर लावला की मीटर तर ९४ च दाखवत होता. तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्याच पोराने मीटरच्या पडद्यावर बोट ठेवलं. 'ए' (माणसाच्या कानासारखा खालच्या सुरांचा आवाज कमी धरणारं सेटिंग) च्या जागी बारीक अक्षरात 'सी' होतं. जड ट्रकांची घरघर त्या सेटिंगला पुरती ऐकू जाते, आणि कॅलिब्रेटरच्या हजार हर्ट्झला 'ए' आणि 'सी' सारखेच दिसतात, म्हणून पकडलं गेलं नव्हतं. बटण बॅगेत दाबलं गेलं असणार. आता त्या बटणावर मी इन्सुलेशन टेप लावून ठेवलीय, आणि त्या पोराला त्या दिवशी शेवभाजी माझ्याकडून.